मोराची मान

ताई लग्न करून गेली तेव्हा घरातलं दुसरं काही बदललं नाही, फक्त रंग चाळण्याचा आवाज अर्धा झाला. आमच्या जूचंद्र गावात रांगोळी म्हणजे बायकांनी सकाळी दारापुढे चार रेघा ओढणं नव्हे. दिवाळीच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये माणसाएवढी चित्रं जमिनीवर काढली जात आणि ती बघायला लांबून लोक येत. आमच्या लहानपणी ती चित्रं आमच्या आळीतले पुरुष काढायचे आणि रंग तयार करायचं काम पोरींकडे असायचं. पांढरी पूड परातीत घ्यायची, तीत रंग टाकायचा, तळहातांनी घासून घासून एकजीव करायचा आणि मग बारीक कापड लावलेल्या चाळणीतून चाळायचा. ताई आणि मी ओटीवर समोरासमोर बसायचो. दोन चाळण्या एका वेळी हलायला लागल्या की त्यांचा ताल बसायचा. आत चुलीपाशी आय तांदळाची भाकरी थापत असायची, ती थाप मध्येच त्या तालात यायची. एकच चाळणी हलते तेव्हा नुसती खरखर होते. ताई गेल्यावर पहिल्या दिवाळीला ती खरखर ऐकून बाबा म्हणाले, "आज एवढंच पुरं. कान दुखतान." त्यांचे कान दुखत नव्हते. पण आमच्या घरात अशा गोष्टी अशाच बोलायची पद्धत होती.

बाबा अर्धं वर्ष मिठागरावर मुकादम आणि अर्धं वर्ष भाताचे शेतकरी. घरात बोलणं कमी आणि जेवण भरपूर. खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या, सुक्याचा रस्सा, आणि काहीच नसलं तर भात आणि भाजलेला बोंबील. ताई आमच्यात पहिली शिकली, टायपिंग केलं, मुंबईत एका ऑफिसात लागली आणि तिथल्याच एका मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळी झाली. त्या दिवशी माझा अकरावीचा पेपर होता, म्हणून मी गेले नाही. बाबा गेले, सही केली, घरी येऊन जेवले. सासर दादरचं, शाकाहारी. सासरे वारलेले, घरात नवरा आणि सासूबाई. जुनं घर, पण तीन खोल्यांचं. ही तिसरी खोली मला ताईच्या पत्रातून माहीत होती आणि मी तिचा फार विचार करत असे.

कारण सरळ होतं. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. शाळेतल्या ड्रॉईंगच्या सरांनी फॉर्म आणून दिला होता. कॉलेज मुंबईत, वर्ग सकाळी साडेसातला. तेव्हा जूचंद्रहून नायगाव स्टेशन म्हणजे मिठागरांच्या बांधावरून अर्धा-पाऊण तास चालणं. पहाटे काळोखात पोरीने त्या बांधावरून रोज एकटीने जावं हे बाबांना मान्य होणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आज मला मुलगी आहे, मीही मान्य केलं नसतं. ते म्हणाले, "रोजचं येनं-जानं जमनार नाय. कुंदानं ठेवून घेतलं त बघू." म्हणजे सगळं ताईच्या त्या तिसऱ्या खोलीवर आलं. मी ताईला पत्र लिहिलं. ताईचं उत्तर आलं: रविवारी ये, सगळा दिवस तुझ्यासाठी काढते. सकाळी चित्रांचं प्रदर्शन बघू, बाहेर जेवू, दुपारी नाटक. आईंचं तिकीट पण काढलंय. त्या परस्पर नाट्यगृहावर येतील, तिथे तुझी ओळख करून देते. एकदा त्यांनी तुला पाहिलं आणि पसंत पडलीस की खोलीचं मी विचारते. फॉर्मची मुदत त्या महिन्याच्या अखेरची होती. म्हणजे तो रविवार ही माझी परीक्षाच होती, फक्त पेपर काय असणार ते माहीत नव्हतं.

आयने सासूबाईंसाठी सुकेळी बांधून दिली. आमच्या वसईकडची उन्हात वाळवलेली केळी, केळीच्याच सुक्या सोपटात घट्ट बांधलेली, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीतरी सरपणाचं आहे. देताना म्हणाली, "वंदे, तिच्या सासूपुढं म्हावऱ्याचं नाव काढू नको."

"मी कशाला काढू?"

"तू नाय काढत, तुझ्या तोंडातून निंघतं. नि तिनं जेवायला वाढलं त दुसऱ्यांदा मागू नको. येकदाच पोटभर घे."

मी ताईचाच जुना पंजाबी ड्रेस घातला होता, फिकट पिवळा. नखांत अडकलेला निळा रंग काढण्यासाठी लिंबू घासलं, तरी दोन नखांत राहिलाच.

ताई चर्चगेटला भेटली. वर्षभरात ती बारीक झाली होती आणि पर्स खांद्याला लावून हाताने दाबून धरत होती, कोणी ओढेल अशी. मी तिच्या अंगावर जवळजवळ धावून गेले. ती हसली, मग माझे हात उलटे करून बघितले. "नखं?"

"लिंबू लावलंय."

"बरं. आईंच्या समोर मूठ मिटून ठेव." एवढं म्हणून ती चालायला लागली. तिची चाल मला नवीन होती. गावात आम्ही दोघी बांधावरून पुढेमागे चालायचो, बांध अरुंद म्हणून. इथे एवढा रुंद फूटपाथ, तरी मी तिच्या मागेच चालत होते.

फोर्टातल्या गॅलरीच्या दाराशी मी चपला काढल्या. हे मुद्दाम केलं नाही, हातपाय आपोआप करतात तसं झालं. आमच्याकडे रांगोळीच्या प्रदर्शनात पायताण बाहेर, पंखा बंद, खोकला आला तर दारात जाऊन खोकायचं. मी अनवाणी दोन खोल्या फिरले तेव्हा ताईच्या लक्षात आलं. ती कानाशी येऊन म्हणाली, "चप्पल घालून ये. देऊळ आहे का हे?" मी जाऊन घालून आले. दारावरचा शिपाई मला बघून हसला नाही, त्याने फक्त चपला पायाने माझ्याकडे सरकवल्या.

चित्रं मला आवडली की नाही हे तेव्हा सांगता आलं नसतं. पहिला अर्धा तास मला कसं बघायचं तेच कळेना. मी जन्मभर चित्रं मान खाली घालून, वाकून, भोवती फिरत बघितली होती. इथे ती भिंतीवर, डोळ्यांसमोर उभी. त्यांच्या भोवती फिरता येत नव्हतं. शेवटच्या खोलीत एक भलंमोठं चित्र मिठागराचं होतं. मला एकदम कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. चौकोनी वाफे, पाणी, आणि मिठाचे ढीग पांढरेशुभ्र, साबणाच्या फेसासारखे.

"ताई, ह्याने मिठागर बघितलंच नाहीय."

"हळू बोल."

"ढीग कधी असा पांढरा असतो का? खालून राखाडी असतो, एका अंगाला गुलाबी मारतो. बाबांना दाखव, ते म्हणतील ही साखर हाय."

पूर्वीची ताई यावर फिसकन हसली असती आणि मग आम्हा दोघींना हसू आवरलं नसतं. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "एक वाजला. चल, जेवून घेऊ." मी परत एकदा मागे वळून त्या चित्राकडे बघितलं. चुकीचं होतं तरी ते तिथलं एकमेव माझं होतं.

जेवायला तिने मला गिरगावातल्या एका उपाहारगृहात नेलं. थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा, साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड घाबरून पातळ झालं तर जसं होईल तसं, असं माझं मत झालं, पण ते मी बोलले नाही, कारण ताईने मोठ्या हौसेने मागवलं होतं. चव चांगली होती. मी घरचं सांगत होते: गाय व्याली, शेजारच्या काकींनी ओटीला लाद्या बसवल्या, आय रात्री पाय चेपायला कोणाला तरी बोलावते आणि मग पाच मिनिटांत स्वतःच झोपते. ताई मान हलवत होती. मुंबईतल्या माणसाला दुसऱ्या गावचं हवामान सांगावं, तशी ती ऐकत होती. मी बोलता बोलता थांबले तेव्हाही तिची मान थोडा वेळ हलत राहिली. आमच्यामध्ये एक संगमरवरी टेबल होतं, एवढंच, पण मला सारखं वाटत होतं की मी फोनवर बोलतेय आणि पलीकडच्याने रिसीव्हर बाजूला ठेवलाय.

मी विचारलं, "तू खूश आहेस ना?"

"आहे की." मग थोड्या वेळाने, "मला तिथे कोणी वंदे-कुंदे करून हाक मारत नाही. सकाळचा पहिला चहा मी एकटी पिते. आई उठायच्या आधी. खिडकीत बसून." हे तिने असं सांगितलं, जणू दागिना दाखवतेय. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मला एकटीने चहा प्यायची भीती वाटायची.

नाट्यगृहावर आम्ही तीनच्या आत पोचलो. प्रयोग शंभरावा होता, म्हणून दारावर झेंडूची तोरणं, दिव्यांच्या माळा, आणि आतल्या मोठ्या पोर्चमध्ये फरशीवर रांगोळी. समई आणि तिच्या शेजारी मोर, पिसारा खाली सोडलेला, सहा-सात फूट लांब. मी लांबूनच पाहिलं की काढणाऱ्याचा हात चांगला आहे. ताई म्हणाली, "मी आईंना बसस्टॉपवरून घेऊन येते. इथेच उभी राहा. कुठे जाऊ नकोस, कशाला हात लावू नकोस." मी मूठ मिटून उभी राहिले.

पाच मिनिटांत फुलवाल्याने फुलांची मोठी टोपली उचलायच्या ऐवजी ओढत नेली. मोराची मान आणि अर्धी छाती टोपलीबरोबर दोन हात पुढे गेली. पोर्चमधले सगळे एकदम "अरे अरे अरे" म्हणाले. तिकिटांच्या खिडकीमागून एक काका बाहेर आले, अंगात सदरा, चष्मा कपाळावर. फुलवाला म्हणत होता, "साहेब, दिसलं नाय." काका म्हणत होते, "एवढा मोठा मोर तुला दिसला नाही? हत्ती काढायला हवा होता का?" रांगोळी काढणारा जेवायला गेलेला, कुठे ते कोणाला माहीत नाही, आणि प्रमुख पाहुणे अर्ध्या तासात येणार. कोणीतरी झाडू आणायला निघालं.

झाडू म्हटल्यावर मला राहवलं नाही. आमच्याकडे बिघडलेल्या रांगोळीवर झाडू मारत नाहीत. झाडूने रंग फरशीच्या बारीक खाचांत बसतो आणि मग त्यावर दुसरा रंग मळका दिसतो. मी म्हणाले, "झाडू नको. एक पोस्टकार्ड द्या. आणि कँटीनमधून चहाची गाळणी, कोरडी."

काकांनी चष्मा खाली घेतला. "तुला येतं?"

"मी जूचंद्रची."

"मग उभी काय राहिलीस? बस."

मी बसले. ड्रेस गुडघ्यात खोचला, ओढणी कमरेला बांधली, सुकेळीचं पुडकं भिंतीशी ठेवलं. पोस्टकार्डाने फिसकटलेला रंग उचलून घेतला, पातळ पांढरा थर दिला. रंगांच्या पुड्या तिथेच होत्या, पण मानेचा रंग त्या माणसाने घरून करून आणलेला, तो संपला होता. मी तळहातावर निळा घेतला, हिरवा घेतला, चिमूटभर काळा, तळहात तळहातावर घासले आणि गाळणीतून थोडा सोडून बघितला. हिरवा कमी पडला. पुन्हा घेतला. मोराच्या मानेला एकच निळा चालत नाही. उजेडाच्या बाजूला हिरवा चढवत न्यायचा आणि गळ्याखाली जांभळट सोडायचा. त्या पंधरा-वीस मिनिटांत मी कुठे आहे, कशासाठी आले आहे, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. त्या दिवसातली माझी तेवढीच वीस मिनिटं बरी गेली. भोवती चपला जमल्या होत्या. रांगोळी काढणाऱ्याला माणसं चपलांवरून कळतात. त्यात ताईच्या चपला येऊन थांबलेल्या मी बघितल्या, आणि त्यांच्या शेजारी काळ्या पट्ट्यांच्या, साध्या, झिजलेल्या पण पॉलिश केलेल्या.

"अगंबाई, काय सुरेख निळा लागलाय!" काळ्या चपलांचा आवाज. "कुठली गं तू?"

मी मान वर केली. सासूबाई उंच होत्या, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, सुती साडी. चेहरा माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी चांगला. मी म्हणाले, "जूचंद्र."

"म्हणजे आमच्या कुंदाच्या गावची! कुंदा, ओळखतेस का हिला?"

इतका सोपा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल. मी ताईकडे बघितलं. ताई माझ्याकडे बघत होती. कोपरापर्यंत निळे हात, गुडघ्यात खोचलेला तिचाच ड्रेस, कमरेला बांधलेली ओढणी. आम्ही दोघी ओटीवर बसायचो तेव्हा ती अशीच दिसायची. मग ती म्हणाली, "गावात रांगोळी काढणारे बरेच आहेत, आई."

ते खोटं नव्हतं. उत्तरही नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू तरी ओळखतेस का आमच्या सुनेला?"

मी आजवर या क्षणाचा पुष्कळ हिशेब मांडून पाहिला आहे आणि तो जुळत नाही. मी "ही माझी ताई" म्हणू शकले असते. तीन शब्दांत काम झालं असतं. पण ताईच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते लाज नव्हती. लाज मला समजली असती. ती भीती होती, आणि ती मला घाबरलेली होती. मी म्हणाले, "नाही. मी रांगोळीसाठी आलेय." आणि मान खाली घालून मोराच्या डोळ्याभोवतीची पांढरी रेघ ओढायला घेतली. ती सरळ आली.

वरून ऐकू आलं, "आणि तुझी बहीण कुठाय? आली ना?"

"आली होती... सकाळपासून अंग गरम होतं तिचं. परत पाठवली."

"अगं, एकटीला? घरी तरी आणायचीस, पडली असती आतल्या खोलीत." आणि काळ्या चपला आत गेल्या. ताईच्या चपला थोड्या थांबल्या, मग त्याही गेल्या.

काकांनी मला हात धुवायला नळ दाखवला, तिसरी घंटा झाल्यावर आत नेलं आणि मागच्या दाराजवळ एका लोखंडी खुर्चीवर बसवलं. "तिकीट विचारलं तर माझं नाव सांग," म्हणाले. माझं तिकीट ताईच्या पर्समध्ये होतं. त्या खुर्चीवरून मला पुढे, मधल्या रांगेत, दोन डोकी दिसत होती: अंबाडा आणि ताईची वेणी, आणि त्यांच्या शेजारची रिकामी खुर्ची. सासूबाईंनी तिच्यावर आपली पिशवी आणि छत्री ठेवली. तेवढ्यापुरती ती खुर्ची कामी आली.

नाटक विनोदी होतं. एका लबाड घरमालकाने एकच खोली दोघांना भाड्याने दिलेली, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. मीही हसले. विनोद खरंच चांगले होते आणि आपलं मन जाग्यावर नाही म्हणून विनोद वाईट होत नाही. पण हसताना माणूस आपोआप शेजारी बघतो. माझ्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला दार.

मध्यंतरात बटाटेवड्यांचा वास सगळ्या पोर्चमध्ये पसरला. मी नळाशी उभी होते, अजून नखं घासत. ताई दोन वड्यांची बशी घेऊन आली, इकडेतिकडे बघून.

"जमिनीवर बसायची काय गरज होती तुला? सांगितलं होतं ना, हात लावू नको?"

"मग रांगोळी काय उभ्याने काढतात?"

"चावटपणा नको, वंदे. आता मी काय करू?"

"जाऊन सांग. ही वंदना, माझी बहीण, हिला ताप नाही."

"आणि मघाशी का नाही सांगितलं, म्हणून विचारलं तर?"

"मग मी सांगते."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारी पाणी पिणाऱ्या बाईने वळून बघितलं. मग आवाज उतरवून, "मी घरी गेल्यावर सांगते. नीट सांगते. त्या वाईट नाहीत. तू फॉर्म भरून ठेव, मी चार दिवसांत पत्र टाकते. बघ, तू काही काळजी करू नको." तिने बशीतला एक वडा माझ्या हातावर ठेवला. मग बशीत एकच उरला हे तिच्या लक्षात आलं. मी वडा परत बशीत ठेवला.

"खा ना."

"तू सासूबाईंना एकच वडा कसा देणार? मी घेते दुसरा."

"आयने काही दिलंय का?"

"सुकेळी. पण मला तर ताप आलाय. तू कशी नेणार?"

ती हसेल असं मला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घंटा झाली, आणि ती गेली.

मी दुसरा अंक बघितला नाही. काकांनी बळेच दोन वडे आणि चहा दिला, ते मी उभ्याने खाल्ले. तिखट चटणी फार छान होती. जाताना त्यांनी विचारलं, "तुझ्या गावची ती बाई, ती तुझी कोणी लागते का?" माणसं तिकिटं फाडता फाडता किती बघत असतात. मी म्हणाले, "नाही." दुसऱ्यांदा सोपं गेलं. नायगावला उतरले तेव्हा उजेड होता. बांधावर बसून मी सुकेळीचं सोपट सोडलं आणि चार केळी खाल्ली, बाकीची परत बांधली. घरी आयला सांगितलं, सासूबाईंना फार आवडली, ही थोडी त्यांनी आपल्याला परत दिली. आय म्हणाली, "बघ, रीतीची मानसं." मग तिने नाटकाची गोष्ट विचारली. पहिला अंक मी खरा सांगितला, दुसरा बनवून सांगितला. माझ्या दुसऱ्या अंकात ते दोघे भाडेकरू एकमेकांना भेटतात आणि खोलीत मध्ये पडदा लावून राहतात. आयला तो पटला.

चार दिवसांत पत्र आलं नाही. तीन आठवड्यांनी आलं, त्यात ताईने आयच्या पायांची चौकशी केली होती, आणि दाजींना ऑफिसात बढती मिळाल्याचं होतं. खोलीचं काही नव्हतं. मुदत संपली तसा फॉर्म मी भाताच्या कणगीमागे टाकून दिला. बाबांनी एकदाच विचारलं, "कुंदाचं काय झालं?" मी म्हटलं, "त्यांच्याकडे जागा नाही." ते "बरं" म्हणाले. मी वसईच्या कॉलेजात नाव घातलं, पुढे माणिकपूरला एका शाळेच्या ऑफिसात लागले आणि तिथेच आता निवृत्तीला आले आहे. काम चांगलं होतं. मला पश्चात्तापाची आवड नाही, वेळही नव्हता. फक्त सासूबाईंबद्दल मी एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली होती: दिसायला चांगली, पण आतून कडक बाई. ताईने सांगितलं असणार, आणि त्यांनी नाही म्हटलं असणार. रांगोळीवाल्या पोरीला घरात कोण ठेवणार? हे असं ठरवल्याने ताईशी बोलणं सोपं राहिलं. सणावारी ती यायची, मी जायचे नाही, एवढंच.

मधली वर्षं सोडून देते. आता मिठागराच्या त्या बांधांच्या जागी नायगावचे टॉवर आहेत आणि त्यातल्या एकाच्या अकराव्या मजल्यावर मी राहते. दाजी गेल्यावर ताईने दादरचं घर विकून इथेच, दोन इमारती सोडून, फ्लॅट घेतला. सासूबाई नव्वदीच्या आसपास आहेत, कान चांगले, डोळे अधू. मागच्या हिवाळ्यात माझी मुलगी पुण्याला शिकायला जायची होती, तिच्या जायच्या आदल्या दिवशी मी दोघींना जेवायला बोलावलं. ताई आत मसालेभात बघत होती. बाहेर मी आणि सासूबाई वाटाणे सोलत होतो. त्या बोटांनी चाचपून सोलतात, पण एक दाणा सांडत नाहीत.

त्या म्हणाल्या, "जाऊ दे पोरीला. अडवू नकोस. तुझं तेव्हा राहूनच गेलं."

"माझं काय?"

"चित्रांचं कॉलेज. त्या नाटकाच्या दिवशी कुंदा घरी येऊन रडली ना. म्हणाली, आई, ती रांगोळी काढणारी माझी बहीण होती. मी म्हटलं, अगं वेडे, मग उद्याच्या उद्या घेऊन ये तिला! आतली खोली नुसती गाद्या ठेवायला आहे. दोन-तीनदा म्हटलं मी. गाद्या पण हलवून घेतल्या होत्या. पण कुंदा म्हणाली, तुला इकडेच शिकायचंय, मुंबईत तुझा जीव रमणार नाही." त्यांनी एक शेंग मोडली. "खरं होतं का गं ते? मला नेहमी वाटायचं, मी त्या दिवशी तुला तुसडं काही बोलले की काय."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. केस सगळे पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही. पियूष समोर ठेवून तिने मला जो सकाळचा चहा सांगितला होता, तो मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आला. बारा वर्षं ती माझ्यासोबत एका खाटेवर झोपली होती. तिला एक घर मिळालं होतं जिथे शेजारी मी नव्हते.

मी काही बोलावं म्हणून सासूबाई थांबल्या होत्या, चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने करून.

"खरं होतं," मी म्हणाले. "मला इकडेच शिकायचं होतं. तुम्ही काही बोलला नव्हता."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांचे खांदे खाली आले.

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. ती आत गेली. वाटाणे संपले होते. मी सालं वर्तमानपत्रात गोळा केली, भांडं उचललं आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, कारण भातात वाटाणे घालायची वेळ झाली होती.